वाजवणाऱ्यांची वारसनोंद



जाझ आणि ब्लूज या अमेरिकन संगीतप्रकारांविषयी पांझरेच्या काठी, सह्याद्रीच्या कुशीतल्या या पिंपळनेर गावी, जिथे डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्ररात्र पावरी घुमते आणि लग्नसराईत बँडवाचून पान हलत नाही, तिथे येऊन व्याख्यान देण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात उभा राहिला असेल, आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. हे संगीत माझ्या आधीच या गावात येऊन पोहोचलेले आहे. आपल्या वरातीत ट्रंपेट आणि क्लॅरिनेट फुंकणाऱ्या बँडमास्तरांनी ते आणले. त्यांनी ते हिंदी चित्रपटांतून उचलले. चित्रपटांत ते मुख्यतः गोव्याच्या वादकांनी पेरले. आणि त्या गोवेकरांनी ते घेतले काही तबकड्यांवरून आणि काही मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवून गेलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांकडून. एवढ्या लांबच्या प्रवासात सूर सुखरूप पोहोचला. वाजवणाऱ्यांची नावे मात्र वाटेत गळाली. मला आज बोलायचे आहे ते मुख्यतः या गळालेल्या नावांविषयी.

प्रथम अमेरिकेकडे वळू. न्यू ऑर्लिन्स शहरात काँगो स्क्वेअर नावाचे एक मैदान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे रविवारी गुलामांना एकत्र जमण्याची, ढोल वाजवण्याची आणि नाचण्याची मुभा असे. ज्याचा देह हीच मालकाच्या दप्तरी नोंदलेली मालमत्ता, त्याला आठवड्यातून काही घटका आपल्या पूर्वजांच्या लयीत पाय टाकता येत, एवढाच त्या मुभेचा अर्थ. १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि कायद्यातली गुलामगिरीही संपली. या युद्धाची झळ, किंवा खरे सांगायचे तर ऊब, खानदेशालाही लागली होती, हे आपल्याला आठवत असेल. अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा होताच खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आला आणि मुंबईत सट्ट्याला ऊत आला. म्हणजे मिसिसिपीच्या काठच्या गुलामाने वेचलेली बोंडे ज्या चात्यावर चढत, त्याच चात्यावर आता तापीच्या खोऱ्यातल्या कुणब्याने वेचलेली चढू लागली, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची वार्ता नव्हती.

गुलामगिरी संपली तरी सावकारी राहिली, वाट्याने कसायची शेती राहिली, आणि १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या नावाखाली वर्णभेदाला राजमान्यताही दिली. या काळातल्या दक्षिणेत ब्लूज जन्माला आले. त्याची रचना अगदी साधी आहे. गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, आणि तिसऱ्या ओळीत तिला जबाब देतो. हे सारे बारा मात्राखंडांत बसते. दुसऱ्यांदा तीच ओळ कशासाठी? कारण पहिल्यांदा म्हटलेले दुःख दुसऱ्यांदा म्हणताना किंचित वेगळे होते, आणि तेवढ्या अवसरात गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचते. आपल्याकडे जात्यावर बसलेली बाई पहिली ओळ लांबवते, आणि दगड एक फेरा पुरा करतो तोवर तिची पुढची ओळ तयार असते, त्यातली ही गोष्ट आहे. आसोद्याच्या बहिणाबाई ज्या पोटतिडकीने ओव्या रचीत, ती पोटतिडीक ब्लूज गाणाऱ्यांनी लगेच ओळखली असती. पण हे साम्य फार ताणू नये. ओवी घरात राहिली. ब्लूज बाजारात गेले.

आणि बाजारात गेल्यानेच ते अमेरिकेची संस्कृती बदलू शकले, हे मान्य केले पाहिजे. १९२० साली मॅमी स्मिथ नावाच्या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी निघाली आणि इतकी खपली की कृष्णवर्णीय गिऱ्हाईक नावाची एक चीज अस्तित्वात आहे, असा साक्षात्कार तबकडी-कंपन्यांना झाला. जाझची पहिली तबकडी तिच्याआधी तीन वर्षे, १९१७ साली निघाली होती. गंमत अशी की ती वाजवणारा बँड गोऱ्यांचा होता. ज्यांनी हे संगीत घडवले त्यांना ध्वनिमुद्रणाच्या खोलीचा दरवाजा उघडण्यापूर्वीच त्यांचे संगीत आत जाऊन बसले होते. हा प्रकार आपण ध्यानात ठेवावा, कारण तो पुन्हापुन्हा भेटणार आहे.

पुढच्या वीस वर्षांत या संगीताने अमेरिकन माणसाचे चालणे-बोलणे, नाचणे, कपडे घालणे, रात्री घरी परतण्याची वेळ, सगळेच बदलले. १९२१ साली एका वजनदार महिला-मासिकाने जाझमुळे तरुण पिढी पापाकडे वळते आहे काय, अशी पृच्छा करणारा लेख छापला. त्यातला आविर्भाव आपल्याकडच्या तमाशाविरोधी लेखांत मी इतक्या वेळा पाहिला आहे की लेखकाचे नाव काढून टाकले तर तो पुण्यातलाच वाटावा. तरुण पिढीने अर्थातच ऐकले नाही. जानेवारी १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, जिथे अभिजात पाश्चात्त्य संगीताखेरीज दुसऱ्या कशाला सहसा थारा नसे, बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाने जाझची मैफल केली आणि मंचावर कृष्णवर्णीय वादक आपल्याबरोबर बसवले. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरायला त्यानंतर सोळा वर्षे लागली. १९३९ साली बिली हॉलिडे हिने जमावाने फासावर लटकवलेल्या कृष्णवर्णीयांवरचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत ध्वनिमुद्रित केले. जे वर्तमानपत्रे छापायला कचरत होती ते एका बाईने रात्रीच्या क्लबात, पेल्यांच्या किणकिणाटात म्हणून दाखवले.

संगीताने वर्णभेद घालवला असे म्हणणारे काही उत्साही लेखक आहेत. मी त्यांच्यातला नाही. वर्णभेदावर घाव घातले ते आंदोलनाने, तुरुंगात गेलेल्या माणसांनी आणि न्यायालयाच्या निवाड्यांनी. संगीताने केले ते एवढेच की कायद्याने दार उघडण्यापूर्वी कान उघडले. आणि हे एवढेच काही थोडे नव्हे. सरकारचेही कान उघडले, पण स्वार्थाने. शीतयुद्धाच्या काळात रशियाला शह म्हणून अमेरिकन परराष्ट्र खात्याने जाझवादक दौऱ्यांवर धाडायला सुरुवात केली. डेव्ह ब्रुबेक १९५८ साली आपल्याकडे आले, ड्यूक एलिंग्टन १९६३ साली, लुई आर्मस्ट्राँग १९६४ साली. यांपैकी आर्मस्ट्राँग यांनी १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवले गेल्यावर स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाला जाहीरपणे खडसावले आणि रशियाच्या सरकारी दौऱ्यावर जायचे नाकारले. ज्याला बाहेर मिरवायचे त्याला घरात मागल्या दाराने घ्यायचे, ही लबाडी त्यांना सहन झाली नाही.

आता मुंबई. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्या मागोमाग कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आले आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड हे शिकागोत आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर वाजवलेले, शांघाय गाजवलेले मोठे कलावंत. ते पूर्वेतच रमले आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारले. ताजच्या नृत्यगृहात त्यांच्यासमोर नाचणारे होते गोरे अंमलदार, संस्थानिक, पारशी शेठ. पण त्या बँडमध्ये आणि त्या बँडच्या आसपास कान टवकारून उभा होता तो गोव्याचा पोरगा, आणि आपल्या हकिकतीचा खरा नायक तो आहे.

गोव्याचा पोरगा ट्रंपेट कसा वाजवू लागला? पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत. तिथे प्रार्थनेसाठी मुलांना गाणे शिकवावे लागे, आणि गाणे शिकवायचे तर स्वरलिपी शिकवणे आले. त्यामुळे सासष्टी-बार्देशातला गरीब शेतकऱ्याचा मुलगाही पाच रेघांवर मांडलेले संगीत पोथीसारखे वाचू शके आणि त्याच्या हातात व्हायोलिन किंवा कॉर्नेट असे. गोव्यात पोट भरत नसे म्हणून तो मुंबईला येई, धोबीतलावच्या ‘कुडा’त म्हणजे आपल्या गावच्या मंडळींनी चालवलेल्या वसतिगृहात ट्रंक टाकी, आणि संस्थानी बँडात, लष्करी बँडात किंवा मूकपटासमोर वाजवणाऱ्या ताफ्यात नोकरी धरी. १९३१ साली बोलपट आला आणि मूकपटांचे ताफे बेकार झाले. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने हॉटेलांतल्या नाचरात्रींची रया गेली. हे दोन तडाखे खाऊन तो कोठे गेला? जिथे रोजचे रोख पैसे मिळत तिथे: चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहात. धोबीतलावच्या अल्फ्रेड नावाच्या उपाहारगृहात वादक बसून राहत आणि काम असले की बोलावणे येई.

ध्वनिमुद्रणगृहात काय चालत असे ते जरा जवळून पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. संगीत-दिग्दर्शक पेटीवर चाल म्हणून दाखवी. बहुधा तो हिंदुस्थानी पद्धतीत वाढलेला असे. चाल अप्रतिम असे, पण ती एकेरी, एका गळ्याची. शेजारी बसलेला गोवेकर, ज्याला या धंद्यात ‘अरेंजर’ म्हणत, हातात पेन्सिल आणि पुढ्यात रेघांचा कागद घेऊन ती चाल उतरून घेई. मग तो ठरवी की पहिल्या कडव्यानंतर काय वाजेल, तिथे ट्रंपेट मोकळा वाजेल की तोंडाशी बोळा धरून कण्हत वाजेल, व्हायोलिनांचे चार थर एकमेकांवर कसे बसतील, बाँगो कोठे वाजेल, सॅक्सोफोन गायिकेच्या ओळीला जबाब देईल की तिच्या मागे सावलीसारखा सरकेल. चाळीस-पन्नास वाद्यांसाठी वेगवेगळे कागद लिहिले जात, वाटले जात, आणि अख्खा ताफा ते वाचून वाजवी. मधला ‘म्यूझिक’ म्हणून जो भाग आपण गुणगुणतो तो बहुतेक वेळा या पेन्सिलीचा असे. सेबॅस्टियन डिसूझा हे फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत. फाळणीने उखडले जाऊन मुंबईला आले आणि पुढे शंकर-जयकिशन यांच्या असंख्य गाण्यांमागे त्यांची पेन्सिल होती. फ्रँक फर्नांड हे कुडचड्याचे. वेदरफर्डच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवलेले. १९४६ साली मसुरीत त्यांची गांधीजींशी भेट झाली, आणि जाझ भारतीय पद्धतीने वाजवावे असा ध्यास त्यांनी तिथून घेतला. ज्यांना पाश्चात्त्य वाद्ये म्हणजे पाश्चात्त्य मन असे वाटते त्यांनी या भेटीचा विचार करावा. पुढे त्यांनी ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोकणी चित्रपट काढले.

आणि मग रामचंद्र नरहर चितळकर. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याला १९१८ साली जन्मलेला हा मराठी माणूस पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे ख्याल शिकला आणि सी. रामचंद्र या नावाने त्याने हिंदी चित्रपटात जे उत्पात केले त्यांना आमच्या सोवळ्या रसिकांनी अजूनही पुरती क्षमा केलेली नाही. १९४७ च्या ‘शहनाई’त त्याने संडेवरचे गाणे आणले, १९५० च्या ‘समाधी’त लॅटिन अमेरिकेची लय आणली, १९५१ च्या ‘अलबेला’त तर जाझ, क्यूबा आणि दादरची चाळ एकाच ताटात वाढली. तो हे का करू शकला? कारण त्याच्या शेजारी हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ बसलेला होता, ज्याला सारी मुंबई चिक चॉकलेट म्हणत असे आणि ज्याच्या ट्रंपेटमुळे त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग ही पदवी मिळाली होती. ‘अलबेला’त चिक आपल्या बँडसह पडद्यावर दिसतोसुद्धा. नायक भगवान, म्हणजे भगवान आभाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. त्याचे ते आखूड, खांदे उडवणारे नाचणे पुढच्या दोन पिढ्यांनी गिरवले. अमरावतीला जन्मलेला नायक, पुणतांब्याचा संगीतकार, हळदोण्याचा ट्रंपेटवाला, आणि लय आली कोठून तर न्यू ऑर्लिन्स आणि हवाना येथून! मी तर म्हणतो, आधुनिक महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात ‘अलबेला’ला एखाद्या मान्यवर ग्रंथाइतकी जागा द्यायला हरकत नाही. आणि हाच रामचंद्र ‘अनारकली’ही रचतो आणि १९६३ साली सैनिकांच्या स्मृतीच्या त्या गीताला चाल देऊन साऱ्या देशाला रडवतो, यात मला काहीही विसंगती दिसत नाही. ज्याचा पाया घरचा आहे त्याने पाहुण्याला भिण्याचे कारण काय?

भिणारेही होतेच. १९५२ साली केंद्रीय नभोवाणीमंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर हे विद्वान मराठी गृहस्थ. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांची हकालपट्टी केली, जेणेकरून जनतेची रुची अभिजात संगीताकडे वळेल. जनतेने काय केले? काटा सिलोनकडे वळवला. त्याच वर्षी अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि सरकारने दिल्लीत बंद केलेले दार कोलंबोत उघडले. केसकरांनी शास्त्रीय संगीताची केलेली सेवा मोठी आहे, ती मी नाकारीत नाही. पण लयीवर फर्मान चालत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण शेतकरी मंडळी आहोत; जमीन कसणे वेगळे आणि सातबाऱ्यावर नाव असणे वेगळे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५२ साली ‘हाउंड डॉग’ गायिले. १९५६ साली एल्विस प्रेस्लीने तेच गायिले. जगाच्या उताऱ्यावर नाव एल्विसचे लागले. मुंबईत हेच झाले, आणि इथे तर रंगाचे निमित्तही नव्हते. पडद्यावर नाव संगीत-दिग्दर्शकाचे. अरेंजर फार तर सहायक. आणि जे ताफ्यात बसून वाजवत ते रोजंदारीवरचे, त्यांचे नाव कोठेच नाही. मी संगीतकारांना चोर म्हणत नाही. चाल त्यांचीच होती, आणि चालीवाचून गाणे नाही. पण अर्धे शेत ज्याने कसले त्याचे नाव इतर हक्कांच्या रकान्यातही नसावे, हे न्यायाचे नाही.

याचा सर्वांत विलक्षण दाखला माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचा. १९२७ साली जन्मलेले हे व्हायोलिनवादक मुंबईत आले, चित्रपटांत अरेंजर झाले. पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, राहुलदेव बर्मनही शिकले. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या पटांगणात एक मोठा भारतीय वाद्यवृंद उभा केला, रागांवर आधारलेल्या आपल्या रचना वाजवल्या, आणि लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायिले. १९६५ साली ते अमेरिकेला, सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, आणि परत आले ते थेट माजोर्ड्याला. मुंबईच्या स्टुडिओंत पुन्हा पाऊल ठेवले नाही. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलालांनी गुरूचे पूर्ण नाव गाण्यात घालून त्यांना वंदन केले. अंड्यातून बाहेर पडून अमिताभ बच्चन ते नाव उच्चारतो आणि थिएटर हसते. त्या वेळी देशातल्या पोरासोरांना ते नाव पाठ झाले, आणि असा एक खरा माणूस सासष्टीत व्हायोलिनसह राहतो, हे क्वचितच कोणाला ठाऊक होते. २०१२ साली ते वारले.

मुंबईत या संगीताचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९७८ साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी रंगभवनात ‘जाझ यात्रा’ सुरू केली, तिला सॉनी रोलिन्ससारखे दिग्गज आले. तोवर चिकचा ट्रंपेट थांबून दहा वर्षे होऊन गेली होती. तो १९६७ सालीच गेला. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला, एका माणसाच्या दहा बोटांत पन्नास वादक मावले, आणि स्वरलिपी वाचणारी ती जमात स्टुडिओंतून ओसरली.

तीच गोष्ट आता खानदेशात घडताना मी पाहतो. बँडगाडीवर की-बोर्ड आणि भोंगे आले आहेत. चार माणसांत वरात निघते. ट्रंपेट, क्लॅरिनेट, युफोनियम वाजवणारे जुने मास्तर, जे पडद्यावरचे गाणे दोनदा ऐकून ताफ्याला बसवून देत, म्हातारे झाले आहेत. यांतले किती जण पिढीजात वाजंत्र्यांच्या घरांतले, गावाने ज्यांना मंडपाबाहेर जेवायला बसवले अशा घरांतले, हे मी या सभागृहात फोड करून सांगण्याची गरज नाही. चिक चॉकलेटचा सूर साक्रीच्या वेशीपर्यंत त्यांनी आणला. त्यांची नावे कोणाजवळ आहेत?

बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवली नसती, आणि ते बाड पाहून आचार्य अत्र्यांनी १९५२ साली ती छापविण्याचा आग्रह धरला नसता, तर आज आसोद्याच्या त्या निरक्षर बाईचे नाव चौधरी वाड्याबाहेर कोणाला ठाऊक असते? कोणी लिहून ठेवले आणि कोणी छापवले, एवढाच सगळा फरक.

म्हणून या व्याख्यानमालेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. वाचनालयात एक जाड वही घाला. पिंपळनेर, साक्री, दहिवेल, कासारे इथल्या बँडमास्तरांकडे कॉलेजची मुले पाठवा. नाव, गाव, वाद्य, कोणाकडे शिकला, कोणती गाणी बसवली, सुपारी किती मिळे, एवढा तपशील लिहून घ्या, वाजवता येत असेल त्याला वाजवायला सांगून ते मोबाइलवर भरून घ्या, आणि पावरी वाजवणाऱ्या कोकणा आदिवासी बांधवांनाही त्याच वहीत जागा द्या. पुढल्या लग्नसराईच्या आत हे काम हाती घेतले तर पुष्कळ जण अजून सांगायला हयात आहेत.